मॉर्फिनने रक्त आटतं का, आणि एन्केफॅलिनने वाढतं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

माझे पप्पा ७१ वर्षांचे. प्रोस्टेटचा कर्करोग, हाडांत पसरलेला. गेल्या नोव्हेंबरपासून दर तीन महिन्यांनी ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन चालू आहे. केमो नाही. एप्रिलपासून बांबोळीच्या सरकारी इस्पितळातून मॉर्फिनच्या गोळ्या मिळतात, १० मिलिग्रॅम, दर चार तासांनी. हिमोग्लोबिन नोव्हेंबरात १२.६ होतं, मार्चमध्ये १०.९, आणि आता जुलैत ९.१. एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) ८८, पांढऱ्या पेशी ५,४००, प्लेटलेट १ लाख ९० हजार, फेरिटिन (लोहाच्या साठ्याचा आकडा) ४१०, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचा आकडा) १.४. कुवेतला असलेल्या भावाने वाचलं की मॉर्फिन हाडांतला मगज दाबतं आणि शरीरातली ओपिऑइड पेप्टाइडं (अफूसारखं काम करणाऱ्या छोट्या प्रथिन-साखळ्या) रक्तपेशी तयार होण्यावर नियंत्रण ठेवतात. त्याने त्यांतल्याच एकाच्या, मेट-एन्केफॅलिनच्या, सहा कुप्या आणि ‘लो डोस नाल्ट्रेक्सोन’च्या ४.५ मिलिग्रॅमच्या कॅप्सूल ऑनलाइन मागवून घरी पाठवल्या आहेत. जूनअखेरपासून पप्पा मॉर्फिनच्या दिवसाला एक-दोनच गोळ्या घेतात, बाकी वेळ फार्मसीतून आणलेली डायक्लोफेनॅक. रात्रभर कण्हतात. कुप्या सुरू करायच्या का? मॉर्फिन पूर्ण बंद करायचं का?
— एक मुलगी, साखळी (गोवा)

उत्तर:

आधी घाईचं सांगायला हवं. नाल्ट्रेक्सोन मॉर्फिनचा परिणाम अडवतं, त्याची कॅप्सूल पप्पांना देऊ नका, ४.५ मिलिग्रॅमची ‘लहानशी’ मात्रासुद्धा नाही. कुप्यांना सुई लावू नका. डायक्लोफेनॅक आजपासून बंद. मॉर्फिन मात्र बंद करायचं नाही. तुमच्या घरात सध्या रक्त कमी करू शकणारं एक औषध नक्की आहे, पण ते बांबोळीहून आलेलं नाही, कोपऱ्यावरच्या फार्मसीतून आलेलं आहे.

तुमच्या भावाने वाचलं ते सगळंच खोटं नाही. अर्धं खरं आहे, म्हणून तर त्याचा मोह पडतो. ते अर्धं काय, हे आधी पाहू.

१९७५ साली स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीन इथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून दोन इवलेसे रेणू वेगळे काढले. प्रत्येकी पाच अमिनो आम्लांची साखळी: टायरोसिन, ग्लायसिन, ग्लायसिन, फेनिलअ‍ॅलानिन, आणि शेवटी एकात मेथिओनिन तर दुसऱ्यात ल्युसिन. पहिलं मेट-एन्केफॅलिन, दुसरं ल्यू-एन्केफॅलिन. बीटा-एंडॉर्फिन ३१ अमिनो आम्लांचं, आणि डायनॉर्फिन हे आणखी एक भावंड. ही झाली ओपिऑइड पेप्टाइडं. पेशींवरचे म्यू, डेल्टा आणि कप्पा नावाचे रिसेप्टर, म्हणजे रेणू जिथे जाऊन बसतो त्या जागा, मुळात यांच्यासाठी आहेत. अफूतल्या मॉर्फिनच्या रेणूचा एक भाग साखळीच्या टोकाच्या टायरोसिनशी मिळताजुळता आहे, म्हणून ते त्याच जागी जाऊन बसतं.

ही पेप्टाइडं मेंदूपुरती नसतात, आणि रक्ताशी त्यांचा संबंध इथून सुरू होतो. मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत अ‍ॅड्रिनलिनच्या पिशव्यांमध्येच एन्केफॅलिनही साठवलेलं असतं, म्हणजे धास्ती बसली की दोन्ही एकदम रक्तात येतात. पिच्युटरी ग्रंथीत एकच मोठं प्रथिन कापून एका तुकड्याचं एसीटीएच नावाचं संप्रेरक होतं आणि दुसऱ्याचं बीटा-एंडॉर्फिन. एसीटीएच पुढे ताणाचं संप्रेरक कॉर्टिसॉल वाढवतं. आणि पांढऱ्या पेशींपैकी टी पेशी उद्दीपित झाल्या की स्वतःच एन्केफॅलिनचं पूर्वरूप बनवायला घेतात, हे १९८६ साली उंदरांच्या पेशींत दिसलं. म्हणजे मगजात तयार होणाऱ्या पेशी या रेणूंचं नुसतं ऐकत नाहीत, स्वतः बोलतातही.

मग ऐकून त्या काय करतात? इथेच गाडी अडते, कारण उत्तर एका दिशेचं नाही. १९९७ साली म्यू रिसेप्टर नसलेले उंदीर जनुकबदलाने तयार करून त्यांचा मगज तपासला गेला. त्यांच्या मगजात आणि प्लीहेत तांबड्या, पांढऱ्या आणि मिश्र वंशाच्या मूळपेशी नेहमीपेक्षा जास्त जोमाने विभागत होत्या. याचा अर्थ म्यू रिसेप्टर हा निरोगी शरीरात रक्तनिर्मितीवरचा हलकासा ब्रेक आहे. मेट-एन्केफॅलिन आणखी एका वेगळ्या, पेशीच्या केंद्रकाशी असलेल्या रिसेप्टरला चिकटतं आणि पेशीविभाजन मंदावतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी या गुणाकडे पाहून ते कर्करोगाच्या गाठी आवरण्यासाठी वापरून पाहिलं. दुसऱ्या बाजूला, सैबेरियातल्या तोम्स्कमध्ये १९८०च्या दशकात ताणाखाली ठेवलेल्या उंदरांवर काम झालं. ताण आला की मगज कामाला लागतो, आणि त्या प्रतिसादात ओपिऑइड पेप्टाइडांचाही वाटा असतो, टी पेशींसारख्या मध्यस्थांमार्फत, अशी त्या कामाची दिशा होती. शांत शरीरात ब्रेक, ताणाच्या शरीरात प्रतिसादाचा भाग, शिवाय मात्रा आणि रिसेप्टर बदलला की परिणामही बदलतो. ‘रक्त वाढवणारं पेप्टाइड’ असं लेबल यातून निघत नाही. उलट भावाने मागवलेला नेमका तो रेणू, मेट-एन्केफॅलिन, पेशीविभाजन मंदावणारा म्हणूनच जास्त ओळखला जातो. विकणाऱ्याने हे सांगितलं असण्याची शक्यता कमी.

उंदराच्या मगजातल्या मूळपेशी मोजणं आणि तुमच्या पप्पांचं हिमोग्लोबिन मोजणं यात खूप अंतर आहे, हेही ध्यानात घ्या. मूळपेशीपासून तांबडी पेशी होईपर्यंत मधे बरेच दरवाजे आहेत, आणि त्यांच्या किल्ल्या मुख्यतः दुसऱ्यांकडे आहेत. मूत्रपिंडातून येणारं एरिथ्रोपोएटिन तांबड्या पेशींसाठी, जी-सीएसएफ न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींसाठी, यकृतातून येणारं थ्रॉम्बोपोएटिन प्लेटलेटसाठी. यांपैकी एक बंद पडलं की आठवड्या-महिन्यांत अहवालात दिसतं. ओपिऑइड पेप्टाइडं यांच्या भोवतीने बारीक फेरफार करतात. रक्त वाढवण्यासाठी मंजूर झालेलं एकही औषध या गटात नाही.

आता एक मजेची गोष्ट, जी विक्रेत्यांच्या पानांवर सापडत नाही. शरीरात एन्केफॅलिन तयार झालं की काही मिनिटांत त्याचे तुकडे पडतात. तुकडे करणारी मुख्य एंझाइमं दोन. एक नेप्रिलायसिन, दुसरं अमिनोपेप्टिडेज-एन. ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) तपासणीत फ्लो सायटोमेट्रीचा, म्हणजे पेशींवरच्या खुणा मोजणारा, अहवाल येतो, त्यात सीडी१० आणि सीडी१३ असे दोन रकाने असतात. सीडी१० म्हणजेच नेप्रिलायसिन, आणि सीडी१३ म्हणजेच अमिनोपेप्टिडेज-एन. पहिलं बी पेशींच्या कोवळ्या अवस्थेवर असतं, दुसरं न्यूट्रोफिलच्या वंशावर. म्हणजे मगजातल्या वाढत्या पेशी एन्केफॅलिन तोडणारी कात्री स्वतःच्या अंगावर घेऊन फिरतात. नियंत्रण किती बारीक आहे ते यावरून समजेल: कुणाच्या शेजारी किती वेळ एन्केफॅलिन टिकू द्यायचं हे पेशीगणिक ठरतं. नेप्रिलायसिन मूत्रपिंडात आणि प्रोस्टेटमध्येही भरपूर असतं. बाहेरून सुईने ढकललेलं एन्केफॅलिन या कात्र्यांच्या तावडीतून सुटून मगजातल्या योग्य पेशीपाशी योग्य वेळी पोचेल, ही अपेक्षा धरण्याला आधार नाही.

शरीरातलं एन्केफॅलिन वाढवणारी औषधं प्रत्यक्ष वापरात आहेत, आणि तुम्ही त्यातलं एक पाहिलंही असेल. मुलांना जुलाब झाले की रेसकॅडोट्रिलची पूड देतात. ते आतड्यातलं नेप्रिलायसिन अडवतं, तिथलं एन्केफॅलिन जरा जास्त टिकतं आणि पाणी सुटणं कमी होतं. हृदयविकारातलं सॅक्युबिट्रिलही हेच एंझाइम अडवतं. दोन्हींपैकी कुठलंच रक्त वाढवायला देत नाहीत.

कुप्यांकडे येऊ. लेबल नीट वाचा. बहुधा त्यावर ‘फक्त संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही’ असं लिहिलेलं असेल. शुद्धता ९८ टक्के असं लिहिलेलं असलं तरी तो आकडा एवढंच सांगतो की आतल्या पुडीत तोच रेणू मुख्यतः आहे. ती निर्जंतुक आहे का, त्यात जिवाणूंचं एंडोटॉक्सिन आहे का, हे त्यात येत नाही, आणि ताप-थंडी-रक्तदाब उतरणं घडवतं ते नेमकं हेच. अशी पूड कोरडी आणि उणे २० अंशांवर ठेवायची असते. जुलैत कुरिअरच्या गोदामात आणि मग वीज जाणाऱ्या साखळीतल्या फ्रीजमध्ये तिची काय अवस्था होते, याचा अंदाज तुम्हीच बांधा. संशोधनात जेव्हा माणसांना मेट-एन्केफॅलिन दिलं गेलं तेव्हा ते मुख्यतः शिरेतून हळूहळू, देखरेखीखाली दिलं, कारण मात्रा वाढली की रक्तदाब उतरतो. पोटात घेतलं तर पचून जातं. कातडीखाली टोचलं तर काही मिनिटांचा खेळ. एकाहत्तर वर्षांच्या, ९.१ हिमोग्लोबिनच्या माणसाचा रक्तदाब घरी उतरवून बघण्यात काही अर्थ नाही.

आता पप्पांचे आकडे. तुम्ही तारखांसकट लिहिले हे फार बरं केलंत, कारण निम्मं उत्तर तारखांतच आहे. हिमोग्लोबिन १२.६ वरून १०.९ वर आलं ते नोव्हेंबर ते मार्चमध्ये. मॉर्फिन सुरू झालं एप्रिलमध्ये. पहिली १.७ ग्रॅमची घट मॉर्फिनच्या आधीची आहे. ती बहुतांशी ल्युप्रोलाइडची. हे इंजेक्शन टेस्टोस्टेरॉन जवळजवळ शून्यावर आणतं, आणि टेस्टोस्टेरॉन हे तांबड्या पेशी वाढवणारं संप्रेरक आहे. ते गेलं की पुरुषाचं हिमोग्लोबिन पहिल्या तीन ते सहा महिन्यांत साधारण १ ते २ ग्रॅमनी उतरतं, पेशींचा आकार मात्र सामान्य राहतो. पप्पांचा एमसीव्ही ८८ त्याच्याशी जुळतो. ही घट आजार दाबण्याची किंमत आहे. त्यासाठी इंजेक्शन थांबवायचं नाही.

मॉर्फिनबद्दलचा खरा मुद्दाही इथेच बसतो. महिनोन्‌महिने ओपिऑइड घेतल्यावर टेस्टोस्टेरॉन उतरू शकतं आणि त्यातून सौम्य पांडुरोग होऊ शकतो. हा दुष्परिणाम खरा आहे. पण पप्पांचं टेस्टोस्टेरॉन ल्युप्रोलाइडने आधीच तळाला नेलेलं असताना त्यात मॉर्फिन आणखी काय खाली नेणार?

आणखी एक हिशेब जवळ ठेवा, पुढेही उपयोगी पडेल. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. मगज अगदी पूर्ण बंद पडला तरी दिवसाला १२०वा भाग एवढंच रक्त कमी होईल, म्हणजे १०.९ हिमोग्लोबिनवर आठवड्याला फार तर ०.६ ग्रॅम. त्यामुळे कुणाचं हिमोग्लोबिन आठवड्यात २ ग्रॅमनी पडलं तर ते ‘मगज दाबल्याने’ असूच शकत नाही. रक्त कुठेतरी वाहतंय किंवा तांबड्या पेशी फुटताहेत. जूनअखेरीस एखादी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) झाली असेल तर तो कागद शोधा. मे-जूनपर्यंत १०.५ च्या आसपास आणि मग तीन आठवड्यांत ९.१ असं निघालं, तर पहिला संशय डायक्लोफेनॅकवर जातो.

डायक्लोफेनॅक काय करतं ते सांगायला हवं, कारण लोक त्याला साधी दुखण्याची गोळी समजतात. पोटाच्या अस्तराचं रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिनं नावाची रसायनं ते तयारच होऊ देत नाही, मग जठरात जखम होऊन थेंबथेंब रक्त जातं, आणि सत्तरीपुढे हे पोट न दुखताही होतं. वर ते मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतं. क्रिएटिनिन १.४ हे या वयात मूत्रपिंडाचं काम पन्नाशीच्या थोडं वर, म्हणजे निम्म्याच्या जवळपास असल्याचं सांगतं. मूत्रपिंड मंदावलं की एरिथ्रोपोएटिन कमी आणि त्याच वेळी मॉर्फिनचे विघटित भागही शरीरात साठतात. रक्ताच्या भीतीने मॉर्फिन सोडून डायक्लोफेनॅक धरलं आणि रक्त खरोखर जायला लागलं, असं अनेक घरांत होतं. शौचाचा रंग बघा: डांबरासारखं काळं, चिकट, उग्र वासाचं असेल तर रक्तस्राव समजून त्याच दिवशी दवाखाना. लोहाच्या गोळीनेही शौच काळपट होतं, पण ते घट्ट बांधलेलं आणि हिरवट छटेचं असतं, चिकटत नाही.

पुढच्या भेटीला डॉक्टरांकडे या तपासण्या मागा. बहुतेक तर एकाच वेळी घेतलेल्या रक्तात होतात. सर्वांत महत्त्वाची म्हणजे रक्ताची काच, पेरिफेरल स्मिअर, माणसाने डोळ्यांनी पाहिलेली. मशीनचा आकडा पुरत नाही. काचेवर अश्रूच्या थेंबासारख्या तांबड्या पेशी, केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी आणि कोवळ्या पांढऱ्या पेशी एकत्र दिसल्या तर कर्करोग मगजात शिरल्याचा संशय येतो. सध्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट चांगल्या आहेत, हे त्या दृष्टीने बरं लक्षण आहे, पण काच बघितल्याशिवाय नाही म्हणता येत नाही.

दुसरी रेटिक्युलोसाइट (कोवळ्या तांबड्या पेशी, थोडक्यात रेटिक) संख्या. अहवालात टक्केवारी येते, ती तशीच वाचू नका. समजा रेटिक १.५ टक्के आणि हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का) २७ आलं. १.५ ला २७ ने गुणून ४५ ने (सामान्य हिमॅटोक्रिटने) भागा: ०.९. या पातळीच्या पांडुरोगात कोवळ्या पेशी मगजातून लवकर बाहेर येऊन जास्त दिवस रेटिक म्हणून मोजल्या जातात, म्हणून पुन्हा २ ने भागा: ०.४५. उत्तर २ च्या खाली म्हणजे मगज गरजेएवढं उत्पादन करत नाही. २ च्या बराच वर असेल तर मगज झटतोय आणि रक्त दुसरीकडे जातंय. मॉर्फिनने मगज दाबला का ही चर्चा या एका आकड्याशिवाय करण्यात अर्थ नाही, आणि ही तपासणी महागही नाही.

तिसरं, सीरम आयर्न (रक्तातलं लोह) आणि टीआयबीसी (रक्ताची लोह वाहण्याची एकूण क्षमता). पहिल्याला दुसऱ्याने भागून १०० ने गुणा. ३८ आणि २६० असेल तर १४.६ टक्के. फेरिटिन ४१० असूनही हा आकडा २० च्या खाली असेल तर लोह कोठारात आहे पण कुलूपबंद. कर्करोगाच्या दाहात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं, ते आतड्यातून लोह शोषणंही अडवतं आणि साठ्यातून सोडणंही. अशा वेळी लोहाच्या गोळ्यांचा फायदा फारसा होत नाही, आणि मॉर्फिनच्या बद्धकोष्ठात भर मात्र नक्की पडते. तांबडी भाजी, नाचणी, तिसऱ्या (शिंपल्या) खाऊ द्या, आवडत असेल तर. तिसऱ्यांत बी१२ भरपूर असतं. पण कुलूप त्यांनी उघडत नाही. बी१२, फोलेट आणि क्रिएटिनिन एकदा पुन्हा करा.

एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनाचं कुणी सुचवेल. केमो चालू नसलेल्या कर्करोगात ती टाळतात, कारण गुठळ्यांचा धोका वाढतो आणि चाचण्यांत मृत्यूही वाढलेले दिसले. रक्त चढवायचं का हे आकड्यापेक्षा लक्षणांवर ठरतं: जिन्याच्या दोन पायऱ्यांत धाप, छातीत दुखणं, उठल्यावर भोवळ. एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमनी वाढतं. ९.१ वर, धाप नसेल तर, घाई नसते.

मॉर्फिन पुन्हा नीट सुरू करताना एक काळजी. काही आठवडे दिवसाला एक-दोनच गोळ्या चालल्यात, म्हणजे शरीराची सवय उतरलेली आहे, आणि मूत्रपिंडही मंद आहे. उद्यापासून एकदम सहा गोळ्या करू नका. वेदनाशमन विभागाला फोन करून क्रिएटिनिनचा आकडा सांगा आणि किती मात्रेने, किती अंतराने सुरू करायचं ते विचारा. अंतर सहा तासांचं करायला सांगतील किंवा मात्रा कमी करतील. मात्रा ठरली की ती घड्याळाप्रमाणे द्यायची, दुखायला लागल्यावर नाही. झोपण्याआधी दुप्पट मात्रा घेऊन रात्रीची एक गोळी टाळता येते, पण तेही विचारून. मधेच दुखलं तर दिवसाच्या एकूण मात्रेचा सहावा भाग जादा, हा सर्वसाधारण ठोकताळा आहे. गोळी लागू व्हायला अर्धा तास लागतो. चवथीला गावच्या घरी आरत्यांना बसायचं असेल तर त्या हिशेबाने आधी द्या, आणि प्रवासात गोळ्यांबरोबर चिठ्ठी ठेवा. रेचक रोज, शौचाला झालं तरी. मळमळ पहिल्या आठवड्यात ओसरते, बद्धकोष्ठ ओसरत नाही. हातापायांना झटके येऊ लागले, बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी होऊन पप्पा जागे होईनासे झाले, श्वास मिनिटाला आठ-नऊ झाला, तर पुढची गोळी न देता थेट बांबोळी. आणि पाय लुळे पडणं किंवा लघवी अचानक अडणं हे मणक्यातल्या गाठीचं लक्षण असतं, त्याला रात्र थांबायचं नाही. हाडाच्या एकाच जागी जास्त दुखत असेल तर तिथे किरणोपचार करता येतात, कित्येकदा ८ ग्रे किरणमात्रेच्या एकाच बैठकीत. हेही विचारा, त्याने मॉर्फिनची गरजच कमी होते.

राहिलं नाल्ट्रेक्सोन. ‘लो डोस’ची कल्पना अशी की रिसेप्टर काही तास अडवले की शरीर प्रत्युत्तर म्हणून जास्त एंडॉर्फिन बनवतं. ही कल्पना बाहेरून ओपिऑइड न घेणाऱ्यांपुरती मांडलेली आहे. मॉर्फिन चालू असलेल्या माणसात नाल्ट्रेक्सोन रिसेप्टरवर बसलेलं मॉर्फिन हिसकावून काढतं. तासाभरात जांभया, नाक गळणं, घाम, पोटात कळा, उलट्या, जुलाब, आणि हाडांचं दुखणं पूर्ण जोराने परत. हे एक दिवस किंवा जास्त टिकतं. म्हणूनच नाल्ट्रेक्सोनआधी मॉर्फिनसारखी औषधं सात ते दहा दिवस पूर्ण थांबवलेली असावी लागतात. ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध घेणाऱ्यालाही हेच लागू. कॅप्सूल एखादी आधीच पोटात गेली असेल आणि त्रास सुरू झाला असेल, तर दुखणं दाबायला मॉर्फिन वाढवत जाऊ नका. नाल्ट्रेक्सोन उतरेल तेव्हा साठलेलं सगळं मॉर्फिन एकदम लागू पडून श्वास थांबू शकतो. गोळ्या आणि कॅप्सूलचं पाकीट दोन्ही बरोबर घेऊन अपघात विभागात जा आणि कॅप्सूल किती वाजता घेतली ते आधी सांगा.

भावाला फोनवर सांगताना त्याच्या वाचनाला खोटं म्हणू नका, वाद वाढेल. त्याला एवढंच कळवा की नोव्हेंबर ते मार्चची घट मॉर्फिनआधीची आहे, आणि कुवेतहून काही पाठवायचंच असेल तर रेटिक, स्मिअर आणि आयर्नच्या तपासण्यांचे पैसे पाठव.